दोन किल्ल्यांचं कुलूप

४ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच डाव्या हाताच्या खणात टाकशील, जिथे बिघडलेल्या किल्ल्या टाकतेस. टाक. त्या खणात माझ्या हातच्या पुष्कळ आहेत, करमेल मला.

आधी खुशाली. बरा आहे. हात शाबूत आहेत आणि धंदा तोच आहे, तू शिकवलेला. गल्लीच्या तोंडाशी एक अरुंद गाळा घेतलाय. त्यात किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी आणि मी एवढंच मावतं. लोक 'किल्लीवाला' म्हणतात. दाढी आली आहे. फार नाही, पण लोकांची समजूत पटेल एवढी आहे. तू भाची म्हणून वाढवलंस आणि निघाला भाचा, हे तुला सांगितलं त्या दिवशी तू अक्षरही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या दुकानावर आलो तर दाराला नवं कोरं कुलूप. ते बघितलं आणि तसाच स्टँडवर गेलो. त्यावरून आता भांडायचं नाही. तुझ्याशी पत्रातून भांडण होत नाही, कारण तू उत्तरच देत नाहीस.

लिहायचं कारण वेगळं आहे. इथे नवा कायदा झालाय. जन्माच्या दाखल्यावर एक आणि अंगात दुसरंच, अशा आमच्यासारख्यांना त्या कारणावरून खोली नाकारायची नाही, राहत्या खोलीतून काढायचं नाही. आणि कुठल्याही भाडेकरूच्या दाराचं कुलूप भाडे मंडळाच्या हुकुमाशिवाय बदलायचं नाही. हे शेवटचं वाचून तुझी आठवण आली. 'आत कोण राहतं ते आधी बघ, मग कुलपाला हात लाव,' हे तू सरकारच्या कितीतरी आधीपासून बजावत होतीस.

मला स्वतःला या कायद्याचा उपयोग नाही, कारण माझं इथे कोणाला ठाऊकच नाही. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. मालकाच्या या गल्लीत बऱ्याच इमारती आहेत आणि सगळ्यांची कुलपं माझ्याकडे असतात. तो मला 'आपला माणूस' म्हणतो. आपला माणूस झोपताना पँट घालून झोपतो, बूट दाराशी ठेवतो, आणि कोणी दार वाजवलं की आधी शर्टाची बटणं चाचपतो. रक्तदाब वाढला म्हणून दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, मीठ फार खाता का? हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तळमजल्यावर एक बाई कपडे उसवून, आवळून, दुरुस्त करून देते. उंच, खांदे रुंद, आवाज जाडाभरडा. तिचं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, लपवायचा तिनं कधी प्रयत्नही केला नाही. तुझ्याच वयाची आहे आणि तुझ्याइतकीच फटकळ. मी तिला मावशी म्हणतो. पहिल्यांदा शर्ट आवळायला गेलो तेव्हा तिनं टेप लावला, खांद्यावरून छातीवर आणला आणि थांबली. शर्ट परत आला तेव्हा आतून एक अस्तराची पट्टी लावलेली होती, अशी बेताची की छाती सपाट दिसावी आणि श्वासही घेता यावा. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "कापड पातळ होतं." तेवढंच. आता माझे सगळे शर्ट तिच्याकडे असतात.

तिच्याबद्दल पुढच्या वेळी लिहीन. गुडघ्याला तेल लावतेस ना?

चिमटा

(तू ठेवलेल्या नावानंच सही करतोय. कुलपातल्या पिना उचलायला माझी बोटं चिमट्यासारखी चालतात म्हणून ठेवलं होतंस. दोन्ही जन्मांत तेवढं एकच नाव पुरलं.)

२७ फेब्रुवारी

आत्या,

मावशीला हर्निया आहे. पोटाच्या खालच्या बाजूला लिंबाएवढी गाठ बाहेर येते. वर्षानुवर्षं तिनं ती स्वतः शिवलेल्या पट्ट्यानं दाबून ठेवली आहे. पट्टा सुरेख आहे, आतून मऊ फलाटीन, बाहेरून दुहेरी शिवण. डॉक्टरनं पट्ट्याचं कौतुक केलं आणि म्हणाला, बाई, एक दिवस आतडं अडकेल आणि मग पट्टा काही करणार नाही. ऑपरेशन साधं आहे, चार दिवस ठेवून घेऊ.

ही जायला तयार नाही. मला वाटलं, भीती ऑपरेशनची. तर नाही. चहा ओतता ओतता म्हणाली, "अरे, इथे यायच्या आधी मी दोनदा दवाखान्यात राहिले. एकदा निमोनिया झाला म्हणून, एकदा पाय मोडला म्हणून. दोन्ही वेळा परत आले तर दाराला दुसरं कुलूप आणि माझं मशीन जिन्याखाली. मी खोलीत आहे तोवर मालकाला काढायला जड जातं. मी उठले की झालं."

म्हणजे बघ आत्या, आतडं अडकून मरायची या बाईची तयारी आहे, पण खोली सोडून चार रात्री बाहेर झोपायची नाही. डॉक्टर सगळं विचारतात, साखर आहे का, दम लागतो का. दाराला कुलूप कोणाचं आहे हे कोणी विचारत नाही.

मी कायद्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. वाचून बाजूला सारला. "कागद दाराला लावू का?" म्हणाली. मग मी म्हटलं, "मावशी, या इमारतीतलं कुलूप माझ्याशिवाय कोण बदलतं? आणि मी तुझं बदलणार आहे का?" तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तू नवी किल्ली उजेडात धरून बघतेस तसं.

मग ती तयार झाली. तारीख मिळाली आहे. माझ्या शब्दावर एक माणूस बिछान्यावर आडवा होणार आहे, याचं मला आत्ता ओझं वाटतंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग शब्द दिलास कशाला?

चिमटा

१५ मार्च

आत्या,

आज तुला माझा अभिमान वाटेल. नाही वाटला तरी वाटल्यासारखं कर.

मावशीला परवा दाखल केलं. ऑपरेशन नीट झालं. तिला बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली, कोणी तोंड वाकडं केलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. आणि काल सकाळी मालक गाळ्यावर हजर. म्हणतो, "तळमजल्याचं कुलूप बदलून टाक. ती नाही तोवर उरकून घेऊ. असली माणसं असली की चांगली बिऱ्हाडं येत नाहीत." मी म्हटलं, आता कायदा झालाय. तो हसला. "कायदा भांडणाऱ्याला. ती कुठे भांडणार आहे? आणि तुला जमत नसेल तर सांग, पलीकडच्या गल्लीत एक जण आहे."

आता मी काय करायला हवं होतं? नाही म्हटलं असतं तर त्या दुसऱ्यानं बदललं असतं, तो आत कोण राहतं हे बघणाऱ्यातला नाही. मंडळाकडे गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही तिचे कोण? आणि मालकाचा दुसरा प्रश्न, तुला एवढा पुळका का? तिथून माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला असता?

तेव्हा मी काय केलं ते ऐक. तू मला शिकवलेलं दोन किल्ल्यांचं कुलूप आठवतं? सासू आणि सून दोघींना एकाच कपाटाची वेगवेगळी किल्ली हवी होती आणि तू पिना दोन-दोन तुकड्यांच्या घातल्या होत्यास. तेच केलं. बाजारातून नवं कुलूप आणलं, चकचकीत. त्याचं पोट खोललं आणि पिना अशा बसवल्या की मालकाची नवी किल्लीही चालेल आणि मावशीची जुनीही. तिच्या किल्लीचे दात मला पाठ आहेत, मीच कापलेत. मालकासमोर दाराला बसवलं, किल्ली फिरवून दाखवली. त्यानं पाठ थोपटली. त्याला वाटतं खोली त्याच्या ताब्यात आली. सामान तो महिनाअखेरीला काढणार आहे, तोवर मावशी येऊन आपल्या किल्लीनं आपल्या घरात जाईल. एकदा आत गेली की मग काढ म्हणावं.

कोणाशी भांडण नाही, कोणाला काही कळणं नाही. उद्या हातातली कामं आहेत, परवा भेटायच्या वेळी जाऊन तिला सांगतो. टाके हसून दुखतील तिचे.

चिमटा

२४ मार्च

आत्या,

मी गेलो तेव्हा खाट रिकामी होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं तिला फोन केला होता. वाईट हेतूनं नाही. लवकर बरी हो म्हणाली, आणि बोलता बोलता म्हणाली, तुझ्या दाराला नवं कुलूप लागलंय, आपल्या किल्लीवाल्यानंच लावलं. मावशी त्याच दुपारी नर्सशी भांडून, कागदावर सही करून निघाली. इमारतीत आली. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणाची तरी तिजोरी उघडत होतो. तिनं दाराला चकचकीत कुलूप बघितलं. खिशातली किल्ली काढली. ती लावली नाही, आत्या. दाराच्या कडीला अडकवली आणि गेली.

मला हे आधी समजतच नव्हतं. किल्ली हातात होती. लावली असती तर फिरली असती. पण मग कळलं की मी कुलपाकडे कुलूपवाल्यासारखं बघत होतो, पोटातून. ती कुलपाचं तोंड बघत होती. ज्याला दोनदा बाहेर काढलंय तो तिसऱ्यांदा किल्ली लावून बघत नाही. आपल्या डोळ्यांनी पुन्हा ती न फिरणारी किल्ली कोण बघेल? हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी मला.

आणि तिला सांगायला मी दोन दिवस लावले. कामं होती म्हणून लिहिलंय मी तुला. कामं नेहमीच असतात. खरं हे की तिला सांगताना 'मालकाला तोंडावर नाही म्हणालो नाही' हेही सांगावं लागलं असतं.

चार दिवस शोधली. ज्या लाँड्रीचं ती दुरुस्तीचं काम करायची, त्याच्या मागच्या खोलीत सापडली. इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यांवर पडली होती, वाफेत आणि ओलीत. अंगात ताप. जखम उघडलेली, पू झालेला. लाँड्रीवाला भला माणूस, पण त्याला काय कळणार? ती त्याला सांगत होती, जरा पाठ टेकते, बस.

मी म्हटलं, "मावशी, किल्ली लावून बघायची होतीस. चालते ती." सगळं सांगितलं, पिनांसकट. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू माझ्या दाराला दोन किल्ल्या ठेवल्यास. एक माझी, एक त्याची. आणि मला वाटलं होतं तू माझ्या बाजूचा आहेस."

रिक्षात घालून परत दवाखान्यात नेली. वॉर्डातली नर्स म्हणाली, टाके आम्ही घालू, पण ही जाऊन झोपणार कुठे? आम्ही बरं करून कुठे पाठवायचं?

मालक आता म्हणतो, बाईनं खोली आपणहून सोडली. कडीला अडकवलेली किल्ली त्यानं कपाटात जपून ठेवली आहे. पुरावा म्हणून.

चिमटा

१९ एप्रिल

आत्या,

मावशीनं खाटेवरूनच मंडळाकडे अर्ज केला. मी केला नाही, तिनं केला. मी फक्त साक्षीला जाईन असं म्हटलं. ती म्हणाली, "विचार कर. तुझीही खोली त्याचीच आहे." मी केला विचार. रात्रभर पँट घालून विचार केला.

मंडळाची खोली साधीच. लांब टेबल, पंखा, पाण्याची बाटली. अध्यक्षबाई चष्मा कपाळावर सारून ऐकत होत्या. मालकानं किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला, किल्ली सोडून गेल्या, म्हणजे खोली सोडून गेल्या. कुलूप मी त्यानंतर बदलून घेतलं. मला कोणाबद्दल काही नाही, सगळी माणसं सारखी.

मग माझी पाळी. मी सांगितलं, कुलूप ती दवाखान्यात होती तेव्हाच बदललं, मी बदललं, यांनी सांगितलं म्हणून, आणि सांगताना 'असली माणसं' म्हणाले. मालकाचा वकील म्हणाला, तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. मी म्हटलं, टेबलावरची किल्ली नव्या कुलपाला लावून बघा. ती फिरेल. मावशी आधीच खोली सोडून गेली असती, तर मी नव्या कुलपात तिच्या किल्लीची सोय कशाला केली असती?

अध्यक्षबाईंनी शिपायाला पाठवलं. आम्ही सगळे तिथेच बसून. वकिलाला तोवर स्वस्थ बसवेना. म्हणाला, "ज्याच्यावर पोट भरतं त्याच्याविरुद्ध उभे राहता, तुमचं या बाईंशी नातं तरी काय?"

आत्या, मला सहज थाप मारता आली असती. शेजारधर्म म्हणालो असतो. पण मावशी भिंतीला टेकून बसली होती, पोटावर हात धरून, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मदत मागत नव्हती ती. मी म्हटलं, "मीही त्यांच्यासारखाच आहे. फक्त उलट बाजूनं आलो. मालकांना माहीत नव्हतं, आता झालं." आवाज नीट निघाला. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वर्षानुवर्षं माझी पाठ थोपटणारा हात तो पँटला पुसत होता, आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. अध्यक्षबाईंच्या लक्षात आलं.

शिपाई परत आला आणि म्हणाला, फिरली.

खोली मावशीची राहिली. कुलूप मी मंडळाच्या माणसासमोर बदललं. एकाच किल्लीचं. सगळी कुलपांची कामं मालकानं त्या पलीकडच्या गल्लीतल्याला दिली. मला खोलीतून काढायचा विचार त्यानं बोलून दाखवला, तेव्हा अध्यक्षबाई एवढंच म्हणाल्या की कायदा वरच्या मजल्यांनाही लागू आहे.

दुसऱ्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. म्हणाली, "अहो, आधी सांगायचं ना." जणू मी गावाला जातो हे सांगायचं राहिलं होतं. मग तिच्या नळाच्या खोलीचं कुलूप अडकतंय म्हणून सांगितलं.

चिमटा

२ जून

आत्या,

मावशीची जखम भरली, पण हर्नियासाठी आत बसवलेली जाळी बिघडली म्हणून डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितलं. मला वाटलं, आता ही बधत नाही. आज सकाळी पिशवी घेऊन आपणहून खाली उभी. दार ओढलं, किल्ली फिरवली आणि चालायला लागली. मागे वळून ओढून पाहिलंही नाही. मी बघत राहिलो तर म्हणाली, "बघतोस काय? घर आहे माझं, पळून जातंय का कुठे?"

मीही परवा दवाखान्यात गेलो होतो. रक्तदाब उतरलाय. नर्स म्हणाली, मीठ कमी केलेलं दिसतंय. हो म्हटलं. तिला कुठे सांगत बसू की मी हल्ली लुंगी लावून झोपतो आणि बूट कपाटात असतात?

मावशीला रिक्षात बसवलं तेव्हा वाटेत तुझा विषय निघाला. मी तिला दुकानाचं सांगितलं, त्या सकाळचं, नव्या कुलपाचं. तिनं विचारलं, "किल्ली लावून पाहिलीस?"

मी म्हटलं, नाही.

"जुनी किल्ली आहे?"

आहे. जुडग्यात आहे. वजनाला ठेवली आहे असं मी स्वतःला सांगतो.

ती रिक्षात बसून पोट धरून हसली. "आणि मला म्हणत होतास, लावून बघायची होतीस. शहाणाच आहेस." मग हसणं थांबवून म्हणाली, "तिनंच तुला शिकवलं ना ते दोन किल्ल्यांचं?"

आत्या, तेव्हापासून माझ्या हाताला काम सुचत नाही. तू त्या दिवशी कुलूप कशासाठी बदललंस मला माहीत नाही. कदाचित माझ्यासाठीच बदललं असशील, मला बाहेर ठेवायला. कदाचित जुनं नुसतं झिजलं असेल. मी फक्त कुलपाचं तोंड पाहिलं आणि गेलो. तू बोलली नाहीस हे खरं, पण मीही दार वाजवलं नाही.

येत्या रविवारी येतोय. रविवारी तू दुकान बंद ठेवून आतून कडी न लावता कानशी साफ करत बसतेस, ती सवय मोडली नसशील. आधी किल्ली लावून बघीन. लागली तर आत येईन. नाही लागली तर दार वाजवीन, आणि तू उघडेपर्यंत वाजवत राहीन.

तुझा भाचा,
चिमटा